इंदापूरच्या खानावळीत ‘नको’ म्हणालो तेव्हा

परवा सुनेनं आमटीला लसणाची फोडणी दिली आणि मी थेट चौतीस-पस्तीस सालच्या इंदापुरातल्या एका खानावळीत जाऊन बसलो.

कचेरीच्या कामासाठी लासुर्ण्याहून पहाटेच चालत निघालो होतो. भुकेनं पोटात खड्डा पडलेला आणि खानावळीत पाऊल टाकायची आयुष्यातली पहिलीच वेळ. पहिली भाकरी चार घासांत संपवली. वाढपी ऊन भाकऱ्यांची टोपली घेऊन आला. परक्या पंगतीत आधी ‘नको’ म्हणायचं आणि आग्रह झाला की घ्यायचं, ही आमच्या घरची रीत. मी ताटावर हात आडवा धरून ‘नको, नको’ म्हणालो, तर गडी सरळ पुढं गेला! दुसऱ्या फेरीलाही मी तोच शहाणपणा केला. आता उपाशीच परतायचं, या विचारानं रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शेजारी जेवणारे एक म्हातारे आबा हसले. “पावनं, ही काय सासुरवाडी हाय व्हय?” मग वाढप्याला म्हणाले, “ह्यो नको म्हनला की वाढ रं.”

आमटीत बुडवलेला ऊन घास घशाखाली उतरला आणि जीव भांड्यात पडला.

पाचव्या भाकरीला मात्र मी अगदी मनापासून नको म्हणालो. वाढप्यानं दोन वाढल्या.