फर्दापूर नावाचं फोल्डर

अमृताचा आवाज सपाट झालाय, ही काळजी मनातून जात नाही. रडली असती, चिडली असती, तर मला समजलं असतं. फोनवर ती "हो आई, जेवले" म्हणते आणि फोन ठेवते.

चितेगावला खोली घेऊन ती छोट्या कारखान्यांसाठी प्लास्टिकच्या साच्यांची ड्रॉइंग करते. एकमेकांवर डोळा ठेवून असणारे मालक तिच्याकडेच येतात, कारण एकाचं काम दुसऱ्याला कधी दिसलेलं नाही. लॅपटॉपवरच्या सगळ्या फायली ती एन्क्रिप्ट करून ठेवते. क्लाउडवर जाते ती कुलूपबंद प्रत. पासवर्ड फक्त तिला ठाऊक. ग्राहकाला लागेल तेवढीच फाईल कुलुपातून काढून ती त्याच्या फोल्डरमध्ये टाकते आणि ती त्याच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरते. खोलीवर येणाऱ्या कुणाला ग्राहकाचं नावही दिसू नये, म्हणून तिच्याकडच्या फोल्डरांना गावांची नावं. मोतीरामभाऊंचं फर्दापूर, गोकुळशेठचं वेरूळ. नावं मुद्दामच कुठलीही.

गेल्या आठवड्यात गोकुळशेठचा फोन आला.

"ताई, ऑपरेटर मशीनपाशी नुसताच उभाय. धाडा की ड्रॉइंग!"

"पाठवतेच, शेठ. लग्नाहून आलात का?"

"व्हय, रातीच आलो फर्दापूरहून. सख्ख्या भावाचं लगीन, नाय म्हणता येतंय का?"

बोलता बोलता तिनं कुलूप उघडलं आणि फर्दापूर फोल्डर सगळंच्या सगळं त्यांना टाकलं.

थोड्या वेळानं तेच हसत म्हणाले, "ताई, ह्ये आमचं नाय. पण लई झकास हाय, ऱ्हाऊ द्या!"

त्यात मोतीरामभाऊंच्या ठिबकच्या नव्या फिल्टरचा साचा होता. तो फिल्टर अजून बाजारातही आलेला नाही. तिनं ते फोल्डर लगेच काढून घेतलं. पण तोवर तिकडं कुणी नक्कल करून ठेवली असेल, तर ती हिला कशी पुसता येणार? "पुसलं म्या समदं," गोकुळशेठ म्हणाले. खरंही असेल.

रविवारी घरी आली तेव्हा मेथी निवडताना तिनं हे सांगितलं, वीजबिल भरल्याचं सांगावं तसं.

"मोतीरामकाकांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगणार आहेस ना?"

"सांगितलं की त्यांचं काम जाईल. मग बाकीच्यांचंही." ती मेथी निवडत राहिली.

आता ती त्यांचे फोन उचलत नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे; तिला पहिलं काम त्यांच्याकडूनच मी मिळवून दिलं होतं. आज दोनदा तो नंबर काढून पाहिला. मी बोलले तर ते ऐकून घेतील, पण मग ती त्यांच्यासमोर पुन्हा कधीच उभी राहणार नाही. आणि साचा कापायला पैसे घालण्याआधी त्यांना कळायलाच हवं.

सकाळी फोन अमृतालाच करीन. पहिल्या बसनं येते, म्हणेन. तू काकांशी बोल, मी शेजारी बसते.