नातेवाइकाने सांगितल्यावरून

हवेतला कापूस लवकर खाली पडत नाही, रेंगाळतो. दिग्रसला जिनिंगच्या आवारात हिवाळ्यातल्या दुपारी मी हेच बघत कितीदा उभा राहिलो असेन. उन्हात पुंजके तरंगायचे, आत सरकी काढणाऱ्या रेच्यांची धडधड चालू असायची, आणि आपण उभे आहोत की निजलो आहोत हेच कळायचं नाही.

ताईचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, तिथे ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात ते कोपरापर्यंत हात घालायचे, तळातला मूठभर वर काढायचे आणि डोळे मिटून सांगायचे, ओल आहे की नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंड वरून भरलेलं दिसायचं आणि आत अळी निघायची. अशा बोंडातला चिकटलेला, पिवळा पडलेला कापूस म्हणजे कवडी. भाऊजी बोंड नुसतं अंगठ्याने दाबायचे आणि न फोडता म्हणायचे, "आत कवडी हाय."

मी मेडिकलच्या दुकानात काउंटरमागे उभा असायचो. संध्याकाळी भाऊजी भुवयांवर रुई घेऊन यायचे. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून खर्रा तयार व्हायचा. घोटायचे ते. निम्मा त्यांचा, निम्मा माझा. त्यांचं ताईला माहीत होतं. माझं माहीत नसावं, अशी माझी समजूत होती.

एका संध्याकाळी त्यांनी काउंटरवर वाकून हनुवटी वर केली.

"सालेसाहेब, पाह्य बरं, हे काय होय."

जबड्याखाली डावीकडे बोट लावलं. हरभऱ्याएवढी गाठ होती, घट्ट.

"दुखते काय?"

"नाही ना. दुखली असती तं डॉक्टरले दाखवली असती. तुले कायले त्रास देतो?"

आमच्याकडे पायाला ठेच लागली की जांघेत, दाढ सुजली की गळ्याशी गाठ येते, तिला अवधान म्हणतात. मूळ दुखणं बरं झालं की तेही जिरतं. पण अवधान दुखतं. दुखणं हीच त्याची खूण. एवढी वर्षं औषधं विकून मला हे ठाऊक होतं. शिवाय त्यांनी आ केला तेव्हा जिभेच्या कडेचा पांढरा चट्टाही मी पाहिला होता.

"अवधान होय," मी म्हणालो. "दाढंचं असंन." आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या.

दुसरा शब्द उच्चारला असता तर माझ्या तळहातावरचा निम्मा खर्राही खाली ठेवावा लागला असता. कारण एवढंच, याहून मोठं नाही. शाळेत गुरुजी विचारायचे, "अवधान कुठं आहे तुझं?" हा तोच शब्द आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

असे सात महिने गेले. मी गोळ्या बदलत राहिलो. हरभऱ्याचं बोर झालं. मग भाऊजींना ठेचा सोसेना, भाकर गिळेना, आणि ताईच त्यांना ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. जिभेचा तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या आधी गळ्यातल्या कोणत्या गाठींत तो पोचला आहे ते बघायला एमआरआय सांगितला. आम्ही तिघं दारव्ह्यावरून यवतमाळच्या बसने निघालो. खिडकीतून कापसाच्या उभ्या पऱ्हाट्या मागे सरकत होत्या. भाऊजी त्यांच्याकडे असे बघत होते, जणू कोणी त्यांना भावच विचारला आहे.

तपासणीच्या ठिकाणचा टेक्निशियन बोलका होता. आधी साधे फोटो, मग शिरेतून रंगाचं इंजेक्शन देऊन पुन्हा फोटो, असं त्याने समजावलं.

"साध्या फोटोत गाठ नुसती दिसते. रंग गेला की तिची कुंडलीच निघते. आतून सडली असंन तं कड पांढरी अन् मधात काळं."

"बोंडावानी," भाऊजी म्हणाले.

"हो, तसंच समजा काका."

मी मात्र कुंडली या शब्दापाशीच अडकलो. कुंडलीत जन्मवेळ असते. मला खरोखर वाटलं की रंग गाठीचं वयही सांगणार. सात महिने. आणि ते सात महिने माहीत नसलेली ताई बाजूलाच बसली होती. औषधाच्या दुकानात आयुष्य घालवलेला माणूस असा विचार करतो यावर आज माझाच विश्वास बसत नाही, पण केला खरा.

टेक्निशियन कागद भरायला लागला. "याआधी कोणत्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन?"

भाऊजी चांदीचा करदोडा सोडत होते. ताई त्यांची अंगठी रुमालात बांधत होती. मी म्हणालो, "हो. झालती एकदा. अंगभर गांध्या उठल्या, दम लागला." कोणतं इंजेक्शन, त्याने विचारलं. नावांची मला कमी नव्हती.

ताईने वर बघितलं. "हे कधी झालतं? मले नाही सांगतलं कोणी."

"तू बाळंतपणात होती तवा. तुले कायले सांगाव?"

टेक्निशियन म्हणाला, मोठ्या डॉक्टरांना विचारून, आधी गोळ्या देऊनही करता येतं. मी म्हणालो, "नको, राहू द्या. घाबरतात ते." भाऊजींनी करदोड्यावरचा हात न हलवता माझ्याकडे बघितलं. मग करदोडा सोडून ताईच्या हातात दिला.

ते आत गेले आणि भिंतीपलीकडे धडधड सुरू झाली. मी बाकावर डोळे मिटले. मला जिनिंगचं आवार दिसलं, पांढरं, बिनवाऱ्याचं. मधोमध एकच बोंड अधांतरी होतं. भाऊजींचा अंगठा त्याच्याजवळ येत होता, येतच होता, दाबत नव्हता.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "झोप लागलती बाप्पा. जिनातच हाओ असं वाटे. फक्त गिळू नका म्हणे, अन् तोंडात तं लाळच लाळ."

रिपोर्ट इंग्रजीत होता. वरच लिहिलं होतं की नातेवाइकाने सांगितल्यावरून रंगद्रव्य दिलेलं नाही. तो नातेवाईक मी. डावीकडची गाठ स्पष्ट होती. उजवीकडे एक बारीक होती, तिच्याबद्दल साध्या फोटोवरून नक्की सांगता येत नाही, असं पुढे होतं. ऑपरेशन डाव्या बाजूचं झालं. वर्ष भरायच्या आत उजवी वर आली आणि मग आवरली नाही.

रंगाने ती दिसली असती का? पुढे कितीतरी दिवसांनी मी एका डॉक्टरला विचारलं, दुसऱ्याच कोणाची गोष्ट असल्यासारखं. ते म्हणाले, "दिसली असती कदाचित. नसतीही. लहान गाठी फसवतात." त्या 'कदाचित'ला धरून मी अजून लोंबकळतो आहे.

शेवटच्या दिवसांत भाऊजी अंगणात खाटेवर ऊन घेत पडायचे. बोलणं फार फुटायचं नाही. एकदा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मले... कधी... रिअ‍ॅक्शन नाही झाली."

मी खाटेची सुटलेली दोरी ओढत राहिलो.

"म्या बी चूप राह्यलो. मले बी पाह्यचं नव्हतं." मग म्हणाले, "सांगशील तिले. आत्ता नको."

त्या 'आत्ता नको'त मी सोळा वर्षं काढली.

यंदा भाच्याच्या कानाखाली गाठ आली. भाचा आता बापाच्या उंचीचा आहे. पुन्हा यवतमाळ, पुन्हा तसाच कागद. ताईने चष्मा लावून स्वतः भरायला घेतला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, घरात कोणाला कधी रिअ‍ॅक्शन?

"याच्या बाबाले झालती, जोराची," ताई म्हणाली. "आमच्या घरी रंग चालत नाही." एखाद्या घरात वांगं चालत नाही ना, तशा सुरात. माझं खोटं त्या घरात कुळाचार होऊन बसलं होतं. आणि ती ते कागदावर लिहीत होती.

"नाही झालती," मी म्हणालो.

"काय?"

"भाऊजीले कधीच काही झालं नाही. म्या खोटं सांगतलं तवा."

"काहून?"

तिथेच, त्या मुलीसमोर, मी सगळं सांगितलं. अवधान, गोळ्या, कुंडली.  शेवटी ताईने विचारलं, "किती दिवसापासून माहीत होतं तुले?"

"सात महिने."

तिने पेन उचलून लिहिलेलं इतकं दाबून खोडलं की कागद फाटला. मुलीला म्हणाली, "दुसरा द्या. रंग द्या याले."

भाचा आत गेला. ती माझ्या शेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसली आणि मधल्या खुर्चीवर फाइल ठेवली. धडधड सुरू झाली. तिने समोर बघतच विचारलं, "अन् खर्रा?"

"निम्मा माझा राहे."

"ते माहीत होतं. तोंडाचा वास येत नाही काय माणसाच्या?"

मुलीने दार उघडून सांगितलं, आता रंग देतो आहोत, अजून दहा-पंधरा मिनिटं. दार लागलं.

"दुखते काय याची, ते तरी विचारलं तू?" ताई म्हणाली.

"विचारलं. दुखते म्हणे."

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मंग अवधान असंन."

मी हो म्हणालो नाही. म्हणालो, "पाहू दे आधी."