साहेबाचं अंथरूण

"सर, निघा. बाईला खाली घेतलंय."

कमळाबाईचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या घरी गॅलरीत दाढी करत होतो. कमळाबाई तांड्यावरची. माझी थोरली बहीण, आक्का, आजारी पडल्यापासून ती दिवसभर तिच्याकडे असायची. तिला जास्त बोलायची सवय नाही, आणि त्या दिवशी जास्त बोलायची गरजही नव्हती. माणसाचं काही खरं राहिलं नाही म्हटल्यावर त्याला खाटेवरून जमिनीवर घेतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. अर्धी दाढी तशीच पुसून मी बस गाठली. कळमनुरीच्या पुढे बस उसाच्या ट्रॅक्टरमागे रेंगाळत राहिली... आखाडा बाळापूरला पोचलो तर आक्काच्या दारात चपलांचा ढीग होता आणि मला बघून आतल्या बायका बोलायच्या थांबल्या. आक्का गेली होती. त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिही म्हणून पुरवणीवाले मागे लागलेत आणि मला मात्र राहून राहून एका कुत्र्याच्या अंथरुणाबद्दलच लिहावंसं वाटतं. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आक्का नर्स होती. हट्ट्याला, पुसेगावला आणि शेवटी आखाडा बाळापूरला तिची नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर ती तिथंच राहिली. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यावर ती बोलत नसे. कोणी विषय काढलाच तर चहा ठेवायला उठून जाई. अख्खं गाव तिला सिस्टर म्हणायचं. तिच्या शेजारी भाड्यानं राहणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी हौसेनं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं होतं. ते वासराएवढं झालं आणि यांची बदली झाली. "थोडे दिवस सांभाळा, गाडी पाठवतो," असं सांगून ते गेले ते गेलेच. कुत्र्याचं नाव काहीतरी इंग्रजी होतं, ते गल्लीला पेलवेना. साहेबांचा कुत्रा म्हणता म्हणता तो नुसताच 'सायब' झाला. मग काय, टपरीवरच्या रिकामटेकड्यांना विषयच मिळाला. "सिस्टर, सायब आज दौऱ्यावर न्हाई निघाले?" असं कोणी विचारलं की आक्का पिशवी सावरत गंभीरपणे सांगायची, "सायब रजेवर हायेत." मला हा कुत्रा सुरुवातीला मुळीच आवडला नव्हता. माझ्या बहिणीचं कोणी नाही म्हणून लोक आपली ओझी तिच्या दारात टाकून जातात, याचा मला राग यायचा.

साहेब म्हातारा झाला तसे त्याचे मागचे पाय गेले. गेले म्हणजे दिसायला होते, पण खुब्याचे सांधे इतके झिजले की बसला की उठताना तो पुढच्या पायांवर जोर द्यायचा, मागचा भाग फरशीवर घसरत राहायचा, आणि मग तो आपल्याकडे असा बघायचा की आपणच नजर वळवावी. आक्का सकाळी त्याच्या पोटाखालून जुनं लुगडं घालायची आणि दोन्ही टोकं धरून त्याला उचलायची. तिचे स्वतःचे गुडघे तरी कुठे धड होते? दोघं कण्हत कण्हत अंगणात जायची. जन्मभर पेशंट उचलले, त्यातलाच हा एक, असं ती म्हणायची. पण मागल्या पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, नांदेडला दाखवलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मी आक्काला काही बोललो नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये एवढंच म्हणाली, "दत्ता, माझं राहू दे. सायबाला कोन उचलील रे?"

माझं घर दुसऱ्या मजल्यावर. जिना असा की मीच कठड्याला धरून चढतो. तिथं असला कुत्रा नेणं शक्यच नव्हतं, आणि हे मी सांगायच्या आधी तिनंच सांगून टाकलं. कमळाबाई न्यायला तयार होती. तांड्यावर अंगण होतं, भाकरतुकड्याची कमी नव्हती, तिचा साहेबावर जीवही होता. पण ती उजाडताच मजुरीला जाणारी बाई. ती साफ बोलली, "आपल्या आपन उठलं तर मी न्हेते, बाई. रोज उचलायचं म्हनलं तर मला जमायचं न्हाई. पडून राहिलं तर किडे पडतील त्याला, मंग तुमचा आत्मा मला शिव्या दील." आक्काला हे बोलणं आवडलं. खोटं आश्वासन देणाऱ्यांचा तिला कंटाळा होता. त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. साहेबाला असं अंथरूण मिळवून द्यायचं की ज्याच्यावरून त्याला कोणाच्या हाताशिवाय उठता येईल.

मला वाटलं होतं, त्यात काय, एक जाडजूड गादी टाकली की झालं. मीच हिंगोलीहून कापूस भरून, चांगली फुगीर गादी करून आणली. साहेब तिच्यावर गेला, आत रुतला आणि दिवसभर बाहेर निघाला नाही. निघताच येईना. मऊ गादीत पायाला टेकू मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मग कमळाबाईनं पोत्यात सोयाबीनचं भुसकट भरून आणलं. ते टोचायचं, आणि साहेबानं कूस बदलली की सगळं एका बाजूला जाऊन मधे फरशी लागायची. माझ्या पुण्याच्या मुलीनं ऑनलाइन मागवलं, खास दुखऱ्या सांध्यांच्या कुत्र्यांसाठी म्हणून. खोक्यावर एक कुत्रा आरामात पहुडलेला होता. पण त्या गादीला चारी बाजूंनी उंच काठ. साहेबाला तो काठ ओलांडता येईना. तो हनुवटी काठावर ठेवून बाहेरच बसला. आक्का खूप हसली. हसताना पोट धरावं लागलं, मग हसणं थांबलं... दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. फार मऊ नको, फार कडक नको, जमिनीलगत हवं, घसरणारं नको, असं त्यांनी सांगितलं. सांगायला सोपं होतं.

आक्काची एक पद्धत होती. आलेलं प्रत्येक अंथरूण ती आधी स्वतः वापरून बघायची. त्यावर कुशीवर निजायची, थोडा वेळ पडून राहायची आणि मग भिंतीला हात न लावता उठायचा प्रयत्न करायची. "मला उठता आलं तर त्याला बी येईल. आमची दोघांची दुखनी सारखीच हायेत," असं तिचं म्हणणं. मी चिडायचो. पोटात एवढं दुखत असताना हे कशाला, तुझ्या खाटेवरची गादी बघ आधी, ती किती खाली बसलीय. ती ऐकून घ्यायची आणि साहेबाचं अंथरूण दाबत राहायची.

शेवटी ते मिळालं समोरच. रस्त्यापलीकडे सलीमभाईचं भंगारचं दुकान आहे. सलीमभाई पाच वेळा नमाज पढणारा माणूस, कुत्र्यापासून चार हात लांब राहायचा, पण सिस्टरनं त्याच्या दोन्ही पोरांची बाळंतपणं निभावलेली. त्यानं एका मोडीत निघालेल्या काळी-पिवळी जीपची मागची दोन सीटं काढली, लोखंड वेगळं केलं आणि ती आणून ओट्यावर ठेवली. आत काथ्या आणि घट्ट स्पंज. वर्षानुवर्षं माणसं बसून बसून ते हवं तेवढंच दबलेलं. "सिस्टर, हे बघा. इतक्या लोकायला संभाळलं, तुमच्या सायबाला न्हाई का संभाळनार?" आक्का त्यावर निजली आणि उठली. तिनं दोन्ही सीटं एकत्र शिवली, पाय घसरू नये म्हणून वरून सतरंजीची खोळ घातली. काही दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. "दत्ता, उठला. आपल्या आपन उठला. मी हात बी न्हाई लावला." मी म्हटलं, मग पेढे वाट. तिनं खरंच वाटले. मी गेलो तेव्हा साहेबानं माझ्यासमोर उठून दाखवलं, पुढचे पाय रोवले, थरथरला, आणि मागचा भाग वर आला. कमळाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आता न्हेते मी याला, बाई. बिनघोर रहा." आक्काच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी आमच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना कोणावर राग काढावा ते मला कळत नाही. त्या सकाळी आक्काचा श्वास अडकायला लागला तेव्हा घरात कमळाबाई आणि गल्लीतल्या दोन बायका होत्या. जाणतीनं सांगितलं, खाली घ्या. थंडीचे दिवस, फरशी बर्फासारखी गार. आक्काची नुसती हाडं उरली होती. कमळाबाईच्या मनात आलं, बाईला टोचेल. समोर साहेबाचं अंथरूण होतं, ती दोन सीटं. तिनं साहेबाला हळूच बाजूला केलं, त्यावर धुतलेली चादर टाकली आणि आक्काला तिथं निजवलं. तोंडात तुळशीचं पाणी घातलं. थोड्या वेळानं आक्का गेली. उठता यावं म्हणून शोधलेल्या जागेवर ती निजली आणि उठली नाही... कमळाबाईच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आम्ही स्मशानातून परत आलो तर घर धुतलेलं होतं. दारं उघडी, फरशी ओली. माणूस ज्या अंथरुणावर जातो ते घरात ठेवत नाहीत, हेही आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. गादी, उशी, चादर, नेसतं लुगडं, सगळं गल्लीतली पोरं गावाबाहेर ओढ्याकाठी टाकून आली होती. साहेब मागच्या अंगणात ओल्या फरशीवर होता. मी कमळाबाईला विचारलं, "याचं अंथरूण?" तोपर्यंत तिच्या लक्षातच आलं नव्हतं. "जीव त्याच्यावरच गेला ना, सर. न्हेलं पोरायनं," असं म्हणून ती खाली बसली. मी दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी जाऊन पाहिलं. डुकरांनी खोळ फाडली होती आणि काथ्या पाण्यात पसरला होता. उचलून आणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मी तिथंच मुक्काम ठोकला. नांदेडहून एक गादी आणली, ती परत केली, दुसरी आणली. सलीमभाईनं वसमतपर्यंतची भंगारची दुकानं पालथी घातली. तसल्या जीपा आता निघतच नाहीत, मिळालेली सीटं एकतर दगड नाहीतर पोकळ. मी आक्कासारखा निजून, उठून बघत होतो, पण माझे गुडघे अजून बरे आहेत, मला सगळ्यांवरूनच उठता यायचं. साहेब आधी प्रयत्न करायचा, मग दाराकडे बघायचा, मग प्रयत्नही करेनासा झाला. कमळाबाई त्याला तांड्यावर घेऊन गेली आणि आठवड्याच्या आत परत घेऊन आली. मान खाली घालून म्हणाली, "न्हाई उठत, सर. मी शब्द दिलता, पर..." तिनं अट आधीच सांगितली होती. पुढं त्याच्या खुब्यावर जखमा झाल्या. लुगड्यानं उचलताना तो ओरडायचा, मग मी उचलणं सोडलं, आणि एका दुपारी खाणं समोर असताना तो गेला.

गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाईनं बोलावून घेतलं त्याला. मला हे बोलणं सहन होत नाही. आक्कानं त्याला बोलावलं नव्हतं. तिनं शेवटचे महिने तो इथं, तिच्याशिवाय, आपल्या पायावर उभा राहावा म्हणून घालवले होते. ते साधलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, कोणाच्याही मनात काही वाईट नसताना, ते ओढ्यात टाकून दिलं. यातून काही शिकावं, काही सावरावं असं मला काही सापडत नाही. माझी बहीण हरली, एवढंच मला दिसतं.

मी खड्डा खणायला माणूस शोधत होतो तर सलीमभाई स्वतःच कुदळ घेऊन आला. मागच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या कडेला आम्ही खणलं. म्हणजे त्यानं खणलं, मी माती ओढली. कंबरेएवढा खड्डा झाल्यावर त्यानं आतूनच वर पाहिलं.

"सर, खाली काही टाकायचं का? दुकानात रजई हाये एक. नवी हाये, मऊ."

"मऊ नको," मी म्हटलं. "मऊवरून त्याला उठता येत नाही."

सलीमभाई खड्ड्यात खाली बसला, तळातले खडे एकेक वेचून बाहेर टाकले आणि दोन्ही हातांनी माती दाबून दाबून घट्ट करू लागला.