आप्पांच्या कोनाड्यातली बेसबॉलची कार्डं

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणाऱ्यातला. अजूनही जातो. पण दौंडच्या रेल्वे वसाहतीत २००२ साली जे झालं, त्याला काय म्हणायचं ते मला आजवर कळलेलं नाही.

मी शिरूरचा. जुनी नाणी, तिकिटं जमवायचा नाद. माझा मित्र विलास, त्याचे वडील आप्पा दौंडच्या लोको शेडात फिटर होते. त्यांच्याकडे अमेरिकन बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं होती... ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डनं दिलेली, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. सायबर कॅफेत बसून मी शोधलं होतं – असली कार्डं बहुतेक रद्दीत गेली. उरलीसुरली अशीच कुणाकुणाच्या कपाटात दडलेली. मी नुसती बघायला मागितली, तर आप्पा म्हणाले, "परत ह्या दारात दिसलास तर तंगडं मोडीन."

घरच्यांनाही तोच कायदा. विलासच्या बहिणीनं लहानपणी एक कार्ड हातात घेतलं म्हणून तिला पट्ट्यानं मारलं होतं.

मग आप्पांना लकवा झाला. विलास त्यांच्याजवळ पुण्याला, दवाखान्यात. विलासच्या आईनं, काकूंनी, मला बोलावून घेतलं.

"दत्ता, ते घेऊन जा बाबा. मला घरात नको हाय."

भर दुपार. दोघांनी मिळून कपाट सरकवलं. मागे कोनाडा, आत पत्र्याचा बिस्किटाचा डबा. मी हात घातला...

आणि कुणीतरी माझं मनगट धरलं.

थंडगार वगैरे काही नाही. गरम, खरखरीत, जिवंत माणसाचा हात – पण कोनाड्यात दिसत काहीच नव्हतं! मी ओढतोय, तशी पकड आवळतेय. हाड मोडणार असं वाटलं. मी ओरडलो.

काकू घाबरल्या नाहीत. पुढं येऊन कोनाड्याकडं बघत कडाडल्या, "सोडा त्याला! पोरीला मारलंत तवा मी गप बसले. आता न्हाई बसायची. सोडा म्हंते ना!"

पकड सुटली. मनगटावर पाच बोटं उमटलेली, काळीनिळी.

मग काकूंनी स्वतः हात घालून डबा काढला. त्यांना कुणी अडवलं नाही. झाकण उघडून त्या बराच वेळ बघत राहिल्या. टोपीवाले गोरे चेहरे, हातात बॅटी.

"ह्याच्यापायी?" एवढंच म्हणाल्या.

आणि डबा घेऊन तडक बाहेर. मैदानात पोरं खेळत होती, त्यांच्यात ओतून टाकला! "अहो काकू, काय करताय?" म्हणत मी मागे धावलो, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पायरीवरच थांबलो. पोरांनी कार्डं वाटून घेतली, सायकलींच्या चाकांच्या तारांत खोचली आणि फडफड वाजवत निघाली...

विलासनं नंतर सांगितलं – त्याच दुपारी आप्पांनी लुळ्या हातानं पलंगाची दांडी अशी काही धरली, की दोन नर्सना सोडवता येईना. मग आपोआप सोडली. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी.

होतही असेल. माझ्या मनगटाचं काय, ते मात्र कुणी सांगत नाही.

आप्पा घरी आले, पुढं वर्षभर जगले. ते गेल्यावर मी काकूंना विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली?"

तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "कशाची भीती? तू एकदाच धरला गेलास बाबा. मी त्या हातात संसार केला."