पोटाचं कातडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, इथे मस्कतमध्ये रुवी भागातल्या मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. आणि ओळखीतले लोक मला काय म्हणतात? — तोंडावर बोलणारा माणूस. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये, मंडळाच्या गणपतीच्या भांडणात, सगळ्यांना जे बोलायचं असतं पण बोलवत नाही ते मी बोलतो, म्हणून मला पुढे बसवतात. मीही बसतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटतं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. मेकॅनिकल इंजिनिअर, पहिला वर्ग. प्रवेशाचा फॉर्म कसा भरायचा हे सांगायलाही घरात कुणी नव्हतं, आणि तरी मी तो भरला. हे सांगताना माझी मान आजही ताठ होते. मग ज्या घरातून मी आलो ते घर सांगायची वेळ आली की आवाज का बसतो? माझे वडील — आबा — सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर, चपला शिवायचे. आयुष्यभर तेच केलं. माझी फी, माझी पुस्तकं, माझा पासपोर्ट, सगळं त्या आरीच्या टोकातून आलेलं आहे.

मस्कतला आलो त्या पहिल्याच महिन्यात आमच्या मॅनेजरांनी, जोशीसरांनी, घरी जेवायला बोलावलं. पुण्याचे, माणूस सरळ. आमटी वाढता वाढता वहिनींनी सहज विचारलं, "वडील काय करतात रे?" आणि मी म्हणालो, "पंचायत समितीत क्लार्क होते. रिटायर झाले." कुणी गळ्याशी सुरी धरली होती का? नाही. त्या घरात मला कुणी कधी कमी लेखलं होतं का? तेही नाही. तोंडातून निघून गेलं — आणि मग दहा वर्षं ते मी सांभाळत बसलो, ताटातलं सांडू नये म्हणून जपत चालावं तसं.

पण कबुली द्यायची आहे ती ह्याची नाही. एवढंच असतं तर मी लिहायला बसलो नसतो. मी वळसे घेतोय, मला कळतंय. थोडं सोसा.

आमची कंपनी लहान. सिक्युरिटी गार्डांचे पट्टे, टॉर्चच्या खोळी, वॉकीटॉकीच्या पिशव्या — असला माल. शिवणारे सगळे कापडवाले आणि नायलॉनवाले. एकदा एका मोठ्या व्यापारी घराण्याकडून वेगळीच ऑर्डर आली. त्यांच्या घरच्या रक्षकांकडे परवान्याची पिस्तुलं होती आणि त्यांना होल्स्टर हवी होती — पिस्तूल ठेवायच्या खोळी — पण कपड्यांच्या आत, कमरेला, कुणाला दिसणार नाहीत अशी. पाहुण्यांना हत्यार दिसलेलं मालकांना आवडत नव्हतं. डिझाइन माझ्याकडे आलं.

असलं होल्स्टर बनवणं म्हणजे दोन उलट्या मागण्या एकाच वस्तूत बसवणं. ते इतकं पातळ हवं की शर्टावरून उंचवटा दिसू नये. आणि इतकं ताठ हवं की पिस्तूल बाहेर काढल्यावरही त्याचं तोंड उघडं राहावं, कारण माणूस ते परत आत घालतो तेव्हा एका हाताने घालतो, न बघता. तोंड मऊ पडलं तर काय होतं? त्याची कड आत दुमडते. ती घडी पिस्तुलाबरोबर आत जाते, चापात अडकते, आणि चापावर बोटाचं काम कातडंच करतं. चाप दाबणारं बोट आहे की घडी, हे पिस्तुलाला कुठून कळणार?

आधी मी प्लास्टिकच्या पत्र्याचं बनवलं. घालून बघायला रक्षकांचा प्रमुख आला — सालेम. मूळचा इब्री गावचा, फौजेत वीस वर्षं काढलेला, घरात बलुची बोलणारा आणि आमच्याशी झकास हिंदी. मला तो 'मुहंदिस' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर. ते ऐकायला मला फार आवडायचं, हेही लिहून टाकतो. खुर्चीत बसला आणि ताडकन उठला. "मुहंदिस, ये तो पेट में काटता है! मेरी बीवी भी इतना नहीं काटती!" सगळे हसले. गाडीत बसताना ते टोचायचं, काढताना खट् आवाज यायचा. म्हणून मग कातडं घ्यायचं ठरलं.

कातड्याचा नमुना मी केला तो — आज सांगतो — आबांच्या पद्धतीने केला. कातडं भिजवायचं, लाकडी फर्म्यावर ताणायचं, हाडाच्या गुळगुळीत तुकड्याने घासत घासत आकार उठवायचा. फर्म्याच्या जागी खोटं पिस्तूल, एवढाच फरक. तोंडाभोवती एक जादा पट्टी शिवली, आत पोलादाची पातळ पट्टी घातली. सालेमने ते घातलं, वाकला, बसला, गाडीत शिरला, उतरला. "हाँ, अब मैं शरीफ़ आदमी लगता हूँ." जोशीसर म्हणाले, "काय मस्त केलंयस रे, शिकलास कुठे?" मी म्हणालो, "यूट्यूबवर."

मालकांच्या माणसाला तेवढी तोंडाची पट्टी आवडली नाही. पातळ शर्टावरून कड उठून दिसते म्हणाला. पट्टी काढली. तरी चाललं असतं — कातडं पाठीचं असतं तर. जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट, आकार धरून ठेवणारं. पोटाचं सैल, घामाने लोंबणारं. जाडी दोन्हीची सारखी असू शकते. हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलेलं नाही. आबा चपलेचा अंगठा पोटाच्या कातड्याचा कधीच करायचे नाहीत.

आणि ड्रॉइंगवर मी काय लिहिलं? जाडी लिहिली. दशांशासकट. 'पाठीचं कातडं' हे दोन शब्द लिहिले नाहीत. असं लिहिणारा इंजिनिअर हे शिकला कुठे, असं कुणी विचारलं असतं तर? — दुसऱ्यांदा यूट्यूब चाललं नसतं.

माल आला. मी एक तुकडा उचलला, अंगठा दाबला, दुमडला. बारीक सुरकुत्यांचं जाळं उठलं. पोटाचं. अंगठ्याला एका क्षणात कळलं — मला कळायच्या आधी अंगठ्याला कळलं. मी तो तुकडा हातात धरून उभा होतो. जोशीसर बाजूने जाता जाता म्हणाले, "काय रे, वास काय घेतोयस? तू प्लास्टिकवाला, तुला कातड्यातलं काय कळणार!" थट्टा होती. साधी, प्रेमाची थट्टा. मला एवढंच म्हणायचं होतं — कळतं सर, माझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच कळत आलंय. हा माल परत पाठवा.

मी हसलो. म्हणालो, "जाडी बरोबर आहे सर." आणि सही केली.

लिहिलं एकदाचं. पण अजून पुढे आहे.

उन्हाळा आला. इथला उन्हाळा — अंगावरचा शर्ट दिवसातून तीनदा भिजून तीनदा वाळतो. ऑगस्टमध्ये एका दुपारी सालेमने नमाजाआधी पिस्तूल काढून ठेवलं, नमाज झाल्यावर परत कमरेला घातलं, आणि गोळी सुटली. मांडीत शिरून गुडघ्यापाशी बाहेर आली. जीव वाचला. पाय पहिल्यासारखा झाला नाही.

ते होल्स्टर चौकशीसाठी आमच्याकडे आलं. कंपनीचं तांत्रिक मत लेखी हवं होतं. माझ्या टेबलावर मी ते उघडलं. तोंडाची कड आत वळलेली, लोळागोळा, आणि त्या घडीवर चापाचा ठसा — इतका स्पष्ट की शिक्का मारावा. ते बघायला इंजिनिअरसुद्धा लागत नव्हता, पण तिथे बघणारा मी एकटाच होतो. घडी मी हाताने सरळ केली. अंगठ्याने घासून ठसा बुजवला. कातडं आज्ञाधारक असतं. पोटाचं तर फारच.

त्या शुक्रवारी आबांना फोन लावला. रोजचं बोलता बोलता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट, असं सगळं सांगितलं. आबा पुरतं ऐकायलाही थांबले नाहीत. "पोटाचं व्हतं का रं?"

"असेल."

"आरं, आसंल काय? अंगठ्याला कळलं न्हाई व्हय तुज्या?"

"नाही कळलं, आबा."

ते हसले. "शाळंनं अंगठा खाल्ला म्हनायचा तुजा. जाऊ दे, बाकी सगळं दिलं की तिनं." माझं शिक्षण त्यांना इतकं मोलाचं की त्यापायी मुलाचा अंगठा गेला तरी त्यांना चालला. आणि गेला नव्हता तो. मी त्यांच्याशीही खोटं बोललो — ज्या एका माणसासमोर मला काहीच लपवायचं नव्हतं, त्याच्याशी.

मग मी पत्र लिहिलं. चार ओळी, उत्तम इंग्रजीत. होल्स्टर ठरलेल्या मापाप्रमाणे आहे, झीज नेहमीची आहे, पिस्तूल आत घालताना वापरणाऱ्याचं बोट चापावर असण्याची शक्यता जास्त आहे. जोशीसरांनी वाचून विचारलं, "आपल्याकडून काही राहिलं नाही ना रे? बघ हं. माणसाचा पाय गेलाय." मी म्हणालो, "नाही सर." त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा. राहिलेली होल्स्टर मी 'डिझाइन सुधारणा' म्हणून परत मागवून घेतली आणि तोंडाला पट्टी लावून दिली. म्हणजे काय करायला हवं होतं ते मला शेवटपर्यंत माहीत होतं.

सालेम पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता — बोट चापाच्या बाहेर होतं. पत्रानंतर त्याचं कुणी ऐकलं नाही. नोकरी गेली. पायाचं समजू शकतो, पण वीस वर्षांच्या फौजीला 'बोट आत ठेवून बसला' म्हणणं — ते काय असतं हे मला कळत नव्हतं का?

थंडीत मी इब्रीला त्याच्या घरी गेलो. का गेलो? त्याच्यासाठी नाही. स्वतःला जरा बरं वाटावं म्हणून. भावाच्या किराणा दुकानात बसायला लागला होता. मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, पाय लांब करून बसला, शेजारी काठी. खजूर आले, कहवा आला. कप भरता भरता त्याने विचारलं, "मुहंदिस, तू मशीन का आदमी है. सब बोलते हैं, मैं नहीं मानता. तू बोल, मान लूँगा. उँगली अंदर थी?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. जोशीसर नव्हते, आमटी वाढणाऱ्या वहिनी नव्हत्या, मंडळ नव्हतं. माझे वडील काय करायचे ह्याच्याशी ह्या माणसाला काडीचं देणंघेणं नव्हतं. खरं बोलायला मला एकाच माणसाची अडचण होती, आणि तो मी होतो.

मी म्हणालो, "कभी कभी आदमी को ख़ुद पता नहीं चलता, सालेमभाई."

त्याने उजव्या हाताचं पहिलं बोट समोर धरलं. बराच वेळ बघत राहिला — ओळखीचा माणूस दगा देऊन जातो तेव्हा त्याच्याकडे बघतात, तसं. मग म्हणाला, "तो होगी." आणि माझा कप पुन्हा भरला.

ह्या ईदला त्याला फोन केला होता. खुशीत होता. मोठा मुलगा फौजेत भरती झाला. म्हणाला, "मैंने उसको पहले दिन ही बोल दिया, मुहंदिस. बाप जैसा मत करना. उँगली हमेशा बाहर रखना." मी मुबारकबाद दिली आणि फोन ठेवला.

सालेमचं बोट बाहेर होतं.