तोरुआच्या टाकीवरचं झाकण

नेई तोरुआच्या, म्हणजे तोरुआबाईच्या, घरात पाणी सांडलेलं कुणी पाहिलेलं नाही. ओनोतोआ बेटावरच्या बायका म्हणतात, ही रडायला बसली तरी खाली भांडं धरील. भात शिजवायचा तर अर्धं पाणी समुद्राचं, अर्धं टाकीचं. मीठ वेगळं टाकायलाच नको. आंघोळ समुद्रात. वरून करवंटीभर गोडं पाणी अंगावर घ्यायचं, तेही नीरफणसाच्या बुंध्याशी उभं राहून, म्हणजे झाडाच्याही घशाखाली घोटभर जातं. सून रूता लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिनं तांब्याभर पाण्यानं पाय धुतले. तोरुआ म्हणाली, "बाई गं, पाय धुवायला देवानं एवढा समुद्र दिलाय. तो काय नुसता बघायला?"

तोरुआचा मुलगा जहाजावर असतो. त्याच्या कमाईतून घरावर पत्रा चढला आणि पत्र्याखाली सिमेंटची टाकी आली. आमच्याकडे बहुतेक घरं केवड्याच्या पानांनी शाकारलेली. त्यावरचं पाणी प्यायच्या कामाचं नसतं. त्यामुळे मागच्या दुष्काळात अर्धी वस्ती तोरुआच्या टाकीवर जगली होती, आणि तिनं कधी कुणाला तोंड वाकडं करून दाखवलं नव्हतं.

यंदा मात्र पावसानं फारच अंत पाहिला. विहिरी इतक्या खारट झाल्या की चहा पिताना डोळे मिटून घ्यावे लागत. त्यातच रूताचे दिवस भरत आले होते. दवाखान्यातली नर्स बजावून गेली होती, "बाळंतिणीला विहिरीचं देऊ नका. पावसाचंच द्या, तेही उकळून." तोरुआनं टाकीत काठी सोडून पाहिली. पाणी गुडघ्याएवढं. आई आणि बाळ दोघांना जपून वापरलं तर पाऊस येईपर्यंत पुरलं असतं. वस्तीला पुरलं नसतं.

आणि इथेच घोडं अडलं. आमच्यात नात्यातल्या माणसानं बुबुसी म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नसतं. होडी मागो, डुक्कर मागो, अंगातला सदरा मागो, द्यायचाच. आणि या बेटावर तोरुआच्या नात्यात कोण नाही?

म्हणून तिची मावसबहीण बेरेता डबा घेऊन अंगणात आली, तेव्हा तोरुआनं तिला तोंडच उघडू दिलं नाही.

"बेरेता, कशाला आलीस ते कळलं. टाकीत ठणठणाट आहे गं."

बेरेतानं टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या टाकीत डोकावणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. "असू दे ताई," म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन गेली. तोरुआला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नातवंडासाठी केलं, असं तिनं मनाला दहादा सांगितलं, पण मन कुठलं ऐकायला!

मुलगी झाली. गोरीगोमटी नाही, पण आवाज असा की मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, बसलेल्यांना तिथे ऐकू गेला. दुसऱ्या सकाळी माणसं यायला लागली. म्हातारा बाउरो बाटली घेऊन आला. मागून बायका, कुणाच्या हातात किटली, कुणाच्या हातात शहाळं. सगळ्यांत शेवटी बेरेता, तोच डबा घेऊन, अर्धा भरलेला. चर्चच्या हौदातून घरटी जे थोडं मिळत होतं, ते त्यांनी स्वतः न पिता आणलं होतं.

"टाकी कोरडी आणि घरात बाळंतीण," बाउरो म्हणाला. "आम्ही काय, खारट चहा पिऊन पिऊन मासेच झालोय आता."

सगळे हसले. आतून रूतानं सासूकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून बाळाला छातीशी घेतलं. तिला सगळं ठाऊक होतं. तोरुआ गप्प राहिली असती तर निभावून गेलं असतं. पण बेरेताचे ओठ फुटलेले तिला दिसत होते.

ती उठली. टाकीवरचं झाकण तिनं बाजूला ओढलं.

"बाउरोदादा, इकडे ये. बघ आत."

म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं. "गुडघाभर आहे की."

"आहे. होतंच. मी खोटं बोलले."

बेरेता म्हणाली, "मला कळलं होतं, ताई. तू माझ्या डब्याकडे बघतच नव्हतीस."

"मग तुझ्या पोरांच्या तोंडचं पाणी इथे कशाला आणलंस?"

"तू जन्मात कुणाला नाही म्हणाली नव्हतीस. म्हटलं, ही किती घाबरली असेल."

तोरुआ रडली, आणि भांडंबिंडं काही धरलं नाही. मग डोळे पुसून म्हणाली, "बेरेता, आता मी बुबुसी करते. तुम्ही आणलेलं माझ्या टाकीत ओता, आणि पाऊस येईपर्यंत सगळी इथूनच न्या."

"आता नाही म्हणायची सोयच ठेवली नाहीस," बेरेता म्हणाली.

पाणी तसं कमीच पडलं. शेवटी शेवटी माणशी घोटावर आलं, पण रूताला आणि बाळाला पहिलं मिळत गेलं, आणि पाऊस आला तेव्हा वस्तीतलं कुणी गळालेलं नव्हतं. ती पोर आता अंगणभर धावते. संध्याकाळच्या प्रार्थनेत तोरुआ आधी बेरेताचं नाव घेते, मग बाकीच्यांची, आणि पावसाचं सगळ्यांत शेवटी.