बेंबीपाशी सुरू झालेलं दुखणं

तुमच्या इंदापूरच्या काकूच्या पोटावर तीन बारीक व्रण आहेत. ते टळले नसते. पण त्याआधी तिने दोन दिवस जे सोसलं ते टळलं असतं, आणि ते माझ्यामुळे टळलं नाही.

काकू, माझी सून, सांगवीची. तिकडच्या रीतीप्रमाणे सासूला, म्हणजे मला, आत्या म्हणते. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आत्या, पहाटं बेंबीपाशी दुखत हुतं, आता हितं उजवीकडं सरकलंय. जेवायची वासनाच न्हाय."

मी कॅलेंडर पाहिलं. घरातल्या प्रत्येकाच्या दुखण्याची नोंद मी त्यावर करते, हे तुम्हाला माहीत आहे. तिची पाळी चार दिवसांवर आली होती. मी तिला गरम पाण्याची पिशवी दिली आणि पडून राहायला सांगितलं.

दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा काकांनी गाडी काढली आणि आम्ही बारामतीला गेलो. कुठे दुखतं, कधीपासून, असं डॉक्टरांनी तिला विचारलं. ती तोंड उघडायच्या आत मी बोलू लागले, तेही इंग्रजीत. पाळीच्या तारखा, मागच्या वर्षीचा त्रास, घेतलेल्या गोळ्या, सगळं ओळीने. इतकं व्यवस्थित सांगणारे नातेवाईक क्वचित भेटतात, असं डॉक्टर म्हणाले आणि मी सुखावले. बेंबीचं मात्र मी सांगितलं नाही. पाळीचंच दुखणं असं मी मनात ठरवून टाकलं होतं, त्यात ते कुठे बसत नव्हतं.

सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. अपेंडिक्स नीट दिसलंच नाही. मग गाठीचंच दुखणं धरून दोन दिवस इंजेक्शनं चालली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, तेव्हा दुर्बिणीतून आत पाहायचं ठरलं. ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांनी मला दाराशी बोलावून पडद्यावर दाखवलं. गाठ होती, पण अगदी लहान, निरुपद्रवी. खरं दुखणं अपेंडिक्सचं होतं. ते सुजून लाल झालेलं, टोकाशी काळपट पडलेलं.

"आज उघडलं नसतं तर फुटलं असतं. अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीपाशी सुरू होतं. हिला आधी तिथे दुखलं होतं का हो?"

मी हो म्हणाले. ते परत आत गेले.

ती नीट शुद्धीवर आल्यावर मी तिला विचारलं, डॉक्टरांना तू का नाही सांगितलंस?

"तुमी बोलत हुता न्हवं, आत्या. मधीच कसं बोलायचं?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं.

आईला इंग्रजी येत होतं म्हणून निभावलं, असं काका आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. काकू ऐकते आणि चहा ठेवायला उठते. मीही गप्प बसते. तुम्ही नातवंडं लांब आहात, म्हणून तुम्हाला हे लिहू शकले. तुमच्या काकांना समोर बसवून सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.